पारावर न ठेवलेला होका

मंडळी, ऐका. आज श्लोक कमी, गोष्ट जास्त. आधी एक प्रश्न विचारतो. उत्तराची घाई नाही, गोष्ट संपेपर्यंत जवळ ठेवा.

दुसऱ्याच्या घरचं दुःख आपल्या भिंतीवर शोभेला टांगता येतं का?

मान हलवताय! नाही म्हणताय! बघू. बसा नीट. त्या खांबामागचे पुढे या, तिथे झोप फार लागते.

वेळणे बंदर. तिथे एक तांबट राहत होता, मोरेश्वर वडके. बंदरावर सगळे त्याला मोरबा म्हणत. ज्या दिवशी त्याची बायको गेल्याचं कळलं, त्या दिवशी तो दुकानात बसून एक होका घासत होता. होका म्हणजे होकायंत्र, तारवावर दिशा दाखवतं ते. पितळेची वाटी, वर काच, आत काटा. मोरबाच्या मांडीवर ती वाटी उताणी पडलेली. चिंच लावून झाली, राख लावून झाली, आता काचकागद चाललेला. दारात सावली पडली. वर बघतो तो साडू, जनार्दन. राजापूरहून आलेला. उंबऱ्याबाहेर उभा, चप्पल काढत नाही, आत येत नाही.

मोरबाने बस म्हटलं. तो बसला नाही. द्वारका कशी आहे, विचारलं. द्वारका म्हणजे मोरबाची बायको, बहिणीकडे चार दिवस राहायला गेलेली. जनार्दन खालीच बघत राहिला.

आता बघा, मोरबाला तिथेच कळलं. पण हात? हात थांबेनात. तो घासत राहिला. साडूने पुढे येऊन त्याचा हात धरला आणि म्हणाला, "मोरेश्वर, ती सकाळीच गेली. चहा ठेवते म्हणाली आणि चुलीपुढे बसली ती उठलीच नाही."

सकाळी! आणि आता ऊन उतरलेलं. घरोघर फोन असायचे ते दिवस नव्हेत. सकाळपासून ती नव्हती, आणि हा दुपारपर्यंत तिचा नवरा होता. दुपारी जेवताना तिच्यासाठी म्हणून आमटी झाकून ठेवली होती यानं, संध्याकाळच्या गाडीने येईल म्हणून. ते अर्ध्या दिवसाचं संसारपण कुठल्या हिशेबात धरायचं? सांगा! जाणारा गेलेला असतो, आपल्याला मात्र निरोप येईपर्यंत ते माणूस जिवंतच असतं. आणि कुणी सांगावं, त्या जाणाऱ्यालाही तोवर ठाऊक असतं का, की आपण गेलो?

हे वाक्य लक्षात ठेवा. नाही ठेवलंत तरी गोष्ट तुम्हाला आठवण करून देईल.

आता या मोरबाचा धंदा काय? जुन्या तारवांचं सामान. गलबतं मोडीत निघाली की त्यांचे कंदील, घंटा, दुर्बिणी, होके, सुकाणूची चाकं, सगळं तो घ्यायचा. घासूनपुसून लखलखीत करायचा आणि बंगलेवाल्यांना विकायचा. लोक दिवाणखान्यात मांडतात ना! भिंतीवर सुकाणूचं चाक टांगलेलं, आणि घर कुठे चाललंय ते घरातल्या कुणालाही ठाऊक नाही! दुर्बीण खिडकीत. समुद्र बघायला म्हणून आणलेली, बघते शेजाऱ्याचं ताट! हसा, हसा. पुढे हसू येणार नाही.

मोडीच्या तारवाचं सामान वेगळं आणि जाळ्यात आलेलं वेगळं. वेळण्याच्या खारव्यांचा, म्हणजे दर्यावर जाळी टाकणाऱ्यांचा, एक रिवाज होता. जाळ्यात परक्या तारवाची वस्तू आली, कंदील असो, घागर असो, नुसतं एक कडं असो, ती घरी न्यायची नाही. बंदरावर वेताळाचा पार आहे, पिंपळाखाली. तिथे ठेवायची. पुढची अमावास्या होईपर्यंत. आसपासच्या बंदरांवर बातमी जाते, ज्यांची माणसं परत आली नाहीत ती घरं येऊन बघतात. ओळख पटली तर वस्तू पदरात घेऊन जातात, आणि मग घरी जाऊन रडतात. त्याआधी नाही! कारण समुद्रात गेलेल्याचं प्रेत येत नाही, बाबा. वस्तू येते. वस्तू आली की क्रियाकर्म. वस्तू नाही, तर माणूस वाटेवर आहे असंच धरायचं. तारवाचा म्होरक्या तांडेल असो, खलाशी असो, तोवर त्याच्या बायकोचा चुडा कुणी उतरवत नाही.

अमावास्या गेली, कुणी आलं नाही, तर वस्तू ज्याच्या जाळ्यात आली त्याची. मग तो मोरबाकडे आणायचा. आणि दुकानात द्वारकाबाई बसलेल्या असायच्या. मोरबा वस्तू हातात घेऊन वजन बघायचा, आणि बाई आतून विचारायच्या, "पारावर बसवून आणलंस ना रे?" खलाशी म्हणायचा, होय काकी. मगच पुढची बात. मोरबाला स्वतःला हे कधी विचारावं लागलंच नाही. घरात दोन माणसं असली की एक विसरतं, दुसरं आठवण करतं. एक गेलं की...

असो. पुढे ऐका.

तो होका आला तेव्हा बाई राजापूरला होत्या. रत्नू नावाचा खारवी घेऊन आला. जाळ्यात आला म्हणाला, पेटी कुजून गेली होती ती फेकली म्हणाला. मोरबाने वाटी हलवून बघितली, पितळ चांगलं जाड होतं. घेतली. विचारलं नाही. रत्नूही बोलला नाही. त्याच्या घरी लग्न होतं, अमावास्येपर्यंत थांबायला त्याला वेळ नव्हता. दोघांपैकी कुणी वाईट नव्हतं हो! एकजण घाईत होता आणि दुसऱ्याची बायको घरी नव्हती. पापाला याहून जास्त काय लागतं?

दिवस झाले. मोरबा पुन्हा दुकानात बसू लागला. करायचं काय दुसरं? अर्धवट घासलेला होका समोर होता, तो पुरा केला. नवी काच बसवली, तबकडी पुसली. असा चमकला की त्यात तोंड दिसावं. बंदराच्या टेकडीवर जठार म्हणून इंजिनियर नवा बंगला बांधून राहायला आलेले. त्यांनी बघितला आणि हौसेने घेऊन गेले. दिवाणखान्यात सागवानी स्टुलावर ठेवला. वर दिवा लावला. येईल त्याला दाखवू लागले.

आणि मग पंधरवडा गेला असेल नसेल, जठारांच्या बाई स्वतः दुकानात आल्या. होका पदराखाली झाकलेला. जसं काही एखादं आजारी मूल आणावं तसा. स्टुलावर ठेवला आणि म्हणाल्या, परत घ्या. मोरबा म्हणाला, काच तडकली का? काटा अडकला का? बाई म्हणाल्या, अडकला नाही, फिरतो. पण उत्तरेला जात नाही. यांनी आधी स्टुलाचे खिळे काढले, मग खिडकीचे गज लोखंडी म्हणून दुसऱ्या खोलीत नेला, मग उघड्या अंगणात ठेवला. कुठेही ठेवा, काटा एकाच बाजूला. दक्षिणेला, किनाऱ्याकिनाऱ्याने.

बिघडला असेल, मोरबा म्हणाला. बाई दोन पावलं पुढे आल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "दिवेलागणीला काच आतून भिजते. मी बोट लावून चाखलं. खारट आहे. हे आमचं नाही हो, वडके. ज्याचं आहे त्याला द्या."

आणि गेल्या.

मंडळी, तुमच्यातला एखादा शिकलेला म्हणेल, बुवा, पितळेत ओल राहिली असेल, जवळ लोखंड असेल. मोरबालाही तेच वाटलं! दुकानात लोखंड कमी होतं का? घण होते, हातोड्या होत्या. त्याने होका उचलला आणि खाली पुळणीवर गेला. पुळणीवर लोखंड कुठलं? ओहोटी लागलेली, चहूकडे ओली वाळू. वाटी जमिनीवर ठेवली. काटा डुलला, फिरला आणि थांबला. दक्षिणेला. वाटी उलटी फिरवली. काटा पुन्हा तिथेच. मोरबा खाली बसून बघत राहिला. दिवेलागण झाली. आणि काचेच्या आत, बघता बघता, घाम फुटल्यासारखे थेंब आले.

त्या वेळी त्याला बायकोचा प्रश्न आठवला. रिकाम्या पुळणीवर, कुणी नसताना, तो स्वतःशीच म्हणाला, "नाही गं. नाही बसवला."

दुसऱ्या दिवशी होका पिशवीत घालून तो निघाला. किनाऱ्याने दक्षिणेकडे. मधे दोन खाड्या, तरीने ओलांडल्या. तरवाला विचारतो, कुठे चाललात काका? काय सांगणार! ज्याचं आहे त्याच्याकडे चाललो, म्हणाला. तरवाला म्हणाला, त्याचं गाव कुठलं? मोरबा म्हणाला, पोचलो की कळेल. तरवाल्याने त्याच्याकडे एकदा बघितलं आणि वल्हं पाण्यात टाकलं.

कातळी नावाचं बंदर आलं. तिथे पुळणीवरून चालता चालता काटा हळूहळू डावीकडे वळू लागला. माडांमध्ये एक घर होतं, कौलारू, समुद्राकडे तोंड. मोरबा मुद्दाम पुढे गेला. काटा मागे फिरला. परत आला, काटा पुढे आला. मंडळी, कुत्रं मालकाच्या घराकडे कसं ओढतं? तसा!

कोपऱ्यावर चहाचं दुकान होतं. मोरबाने विचारलं, हे घर कुणाचं? चहावाल्याने आवाज खाली आणून सांगितलं. धोंडू तांडेलाचं. पावसाआधीच्या तुफानात त्याचं तारू गेलं. खलाशी दुसऱ्या तारवाने उचलले, ते आले. तांडेल सुकाणूपाशी होता, तो आला नाही. कुठली वस्तूही आली नाही. मागे बायको आहे, येसूबाई. तिच्यापुढे कुणी काही बोलत नाही, तुम्हीही बोलू नका. आणि दिवेलागणीनंतर त्या घराच्या पायऱ्यांवर बसू नका.

का, म्हणून मोरबाने विचारलं. चहावाला कप विसळायला वळला.

येसूबाई अंगणात मासे साफ करत होत्या. हातात हिरवा चुडा, कपाळाला कुंकू. मोरबाने आपलं नाव सांगितलं, गाव सांगितलं. त्यांनी पाणी दिलं, बसायला पाट दिला. त्या म्हणाल्या, दादा, एकटेच फिरता, घरचं माणूस कुठाय? मोरबाने सांगितलं, गेली. त्यांनी हातातला कोयता बाजूला ठेवला आणि विचारलं, "तुमाला कुणी सांगितलं?"

"साडवाने."

"त्याने बघितलेली?"

"त्याच्याच घरी गेली. त्याने बघितली."

"मग तुमचं बरं," येसूबाई म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता.

मोरबाने पिशवीतून होका काढला आणि त्यांच्यापुढे ठेवला. जाळ्यात आला, म्हणाला. पारावर ठेवायचा राहिला, म्हणाला. तुमच्याकडे ओढतोय, म्हणून आणला.

येसूबाई हात धुवून आल्या. पदराने हात कोरडे केले. होका उचलला, पण वरून बघितलाच नाही! उपडा केला आणि बुडावरून अंगठा फिरवला. एकदा. पुन्हा. आंधळं माणूस चेहरा चाचपतं तसा. मग खाली ठेवला.

"हा आमचा नाय, दादा. आमच्या होक्याच्या बुडाला माझे ठिपके हायत. दर नारळी पुनवेला तारू सुटायच्या आधी होका मी पूजते आणि दाभणाने एक ठिपका करते. लगीन झाल्यापासून. हा तर गुळगुळीत हाय."

मंडळी... मोरबाच्या डोळ्यांपुढे काय आलं असेल? दुपार. मांडीवर उताणी वाटी. काचकागद. बुडाला बारीक बारीक खड्डे होते खरे. त्याला वाटलं, खाऱ्या पाण्याने पितळ खाल्लंय. चांगला कारागीर खड्डे ठेवत नाही! साडू दारात उभा होता, आणि हा घासत होता. स्वतःच्या बायकोचा निरोप ऐकत होता आणि दुसरीच्या नवऱ्याचा निरोप पुसत होता!

त्याने सांगितलं. लपवलं नाही. म्हणाला, "ठिपके होते, वहिनी. मी घासले. मला ठाऊक नव्हतं."

येसूबाईंनी होका पुन्हा उपडा करून बघितला. मग म्हणाल्या, तुम्ही घासले म्हणता, मी कशावरून मानू? असे होके मुंबईच्या बाजारात टोपलीभर मिळतात. मोरबा म्हणाला, काटा बघा. त्या उठून चुलीकडे गेल्या, काटा चुलीकडे. माजघराच्या दाराशी गेल्या, काटा दाराशी. त्यांनी बघितलं. नीट बघितलं. आणि म्हणाल्या, "चुलीपाशी तवा हाय. दाराला लोखंडी कडी हाय."

वेडी होती का ती? मुळीच नाही! त्या बंदरावर तिच्याइतकं शहाणं कुणी नव्हतं. पण तुम्ही तिच्या जागी बसा. रिवाज सांगतो, खूण पटली तर रड. खूण नाही! एका परक्या माणसाच्या शब्दावर नवरा मेला म्हणायचा? खोटा निघाला तर? जिवंत नवऱ्याच्या नावाने पाणी सोडल्याचं पाप कुणाच्या माथी?

बोलता बोलता दिवेलागण झाली. येसूबाईंनी कंदील लावला, तारवावर असतो तसला, आणि ओटीच्या खुंटीला अडकवला. पान वाढलं. एक नाही, दोन. मोरबाला वाटलं दुसरं आपलं. पण त्याला त्यांनी वेगळं बाजूला दिलं.

आणि काचेच्या आत पाणी आलं. काटा येसूबाईंना सोडून फिरला. सावकाश. पायऱ्यांकडे.

वारा नव्हता. माडाचं एक झावळ हलत नव्हतं. खालच्या पायरीवर काहीतरी ठिबकलं. कोरड्या चिऱ्यावर पाऊल उमटलं, ओलं, मोठं, पसरट, खलाशाचं. मग दुसरं, वरच्या पायरीवर. माणूस नाही, नुसती पावलं! एकेक पायरी चढत आली आणि उंबऱ्यापाशी येऊन थांबली. जोडीने. आत येईनात. तिथे पाणी साचत राहिलं, चिळकांडी नाही, आवाज नाही, नुसतं साचत राहिलं.

येसूबाई उंबऱ्याकडे बघून रोजच्या आवाजात म्हणाल्या, "आलात? उशीर केलात. कढी निवली."

मोरबा मागे भिंतीला सरकला. पण मंडळी, भीतीपेक्षा वेगळंच काहीतरी त्याला समजलं. हा माणूस जात का नाही, ते समजलं! याला कुणी सांगितलंच नाही. तुफानात सुकाणू धरून उभा राहिला तो अजून घरीच निघालेला आहे. मोरबा दुपारपर्यंत नवरा होता, कारण साडू दुपारी पोचला. या तांडेलाकडे कुणी पोचलंच नव्हतं. तो रोज घरी येत होता. आणि घर त्याला रोज जेवायला बोलावत होतं.

एक वाक्य पुरे होतं. तांडेल, तुम्ही गेलात. एवढंच! मोरबा उभा राहिला. तोंड उघडलं. येसूबाईंनी त्याच्याकडे बघितलं. हात जोडले नाहीत, रडल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "दादा, त्यांना काय सांगू नका. जेवायचेत ते."

तुम्ही काय केलं असतं? सांगा! मघाशी मान हलवत होता ना? आता हलवा!

मोरबा खाली बसला.

थोड्या वेळाने पावलं वळली. पायऱ्या उतरली. माडांतून पुळणीवर गेली, आणि तिथे ओल्या वाळूत कुठलं पाऊल कुणाचं, कोण सांगणार? येसूबाईंनी दुसरं पान उचललं, कुत्र्याला घातलं, ओटी पुसली. मोरबाला म्हणाल्या, होका घेऊन जा. माझे ठिपके दिसले तर परत आणा.

मोरबा वेळण्याला आला आणि घरी न जाता थेट वेताळाच्या पारावर गेला. होका तिथे ठेवला. उशिरा का होईना, जिथे ठेवायचा तिथे. अमावास्या आली. घरं आली, कुठून कुठून, ज्यांची माणसं परतली नाहीत ती. सगळ्यांनी होका बघितला. आणि सगळे पुढे गेले. लखलखीत पितळ! नवी काच! चकचकीत वस्तू कुणाची असते, मंडळी? बाजाराची. तिला कुणी आपली म्हणत नाही.

रत्नूला नेलं असतं कातळीला, त्याने साक्ष दिली असती, असं तुम्हाला वाटेल. नेलं! रत्नू घाबरला, पण आला. येसूबाईंनी त्याला विचारलं, बुडाला ठिपके होते? तो म्हणाला, काकी, मी बुड बघितलंच नाही. खरं बोलला बिचारा. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तो थांबून खरं बोलला, आणि त्याचाही उपयोग झाला नाही.

आता माझा प्रश्न काढा बाहेर. दुसऱ्याचं दुःख आपल्या भिंतीवर टांगता येतं का? येतं, बाबांनो! सहज येतं! घासून घेतलं की झालं. आपण सगळे तेच करतो. कुणाच्या घरचा निरोप आपल्या हाती येतो, आपण घाईत असतो, आपलं स्वतःचं काहीतरी दुखत असतं, आणि आपण तो निरोप इतका पुसतो, इतका पुसतो, की नंतर पोचवायला गेलं तरी कुणी घेत नाही. तुमच्याकडे असा कुणाचा निरोप पडून आहे? मरणाचाच असायला हवा असं नाही. सुनेच्या माहेरचा असेल. भावाने शेवटी काय म्हटलं तो असेल. आज घरी गेलात की दिवा लावायच्या आधी तो शोधा. आणि आहे तसा द्या. डागांसकट द्या, खड्ड्यांसकट द्या. तुम्हाला जो मळ दिसतो, तीच समोरच्याची ओळख असते.

मोरबाची गोष्ट मला इथपर्यंतच ठाऊक आहे. पुढे काय झालं विचारू नका, कारण पुढे काही झालेलं नाही. दर अमावास्येला तो पारावर जाऊन बसतो. होका तिथेच आहे. काटा कातळीकडे आहे. येसूबाई दोन पानं वाढतात. त्यांनी चुडा उतरवलेला नाही, आणि धोंडू तांडेलाचं क्रियाकर्म अजून व्हायचं राहिलं आहे.